म्हातारीला बांधून नेल्याबाबत

जबाब देणारीचे पूर्ण नाव दप्तरात वेगळे नोंदवले आहे. वय बावन्न. व्यवसाय गाड्यांच्या सीटची कव्हरे, ताडपत्र्या व होड्यांची झाकणे शिवणे. राहणार बेकरीमागची गल्ली, पिवळ्या फाटकाचे घर. गल्लीत मला सीटवाल्या वहिनी म्हणतात.

मी समक्ष ठाण्यात हजर असून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व सासूबाई असे तिघे राहतो. पती दातांच्या कवळ्या बनवतात. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. त्यांचा व्यवसाय विचारला असता 'घरकाम' असे लिहिण्यास त्यांनी हरकत घेतली, म्हणून तो रकाना मोकळा ठेवला आहे. याशिवाय आमच्या घरी म्हातारी आहे. तिच्यावरूनच हा सगळा प्रकार झाला, त्यामुळे तिच्याबद्दल आधी सांगते.

म्हातारी ही आमची होडी आहे. लाकडी, दोन वल्ह्यांची, चार माणसे ऐसपैस बसतील एवढी. माझ्या सासऱ्यांनी ती घेतली तेव्हाच ती दुसऱ्या कुणी तरी भरपूर वापरलेली होती, म्हणून ते तिला म्हातारी म्हणू लागले. सासरे गेले, पण नाव राहिले. सासूबाईंना ते नाव आवडते. घरात आपल्याहून थोरले कुणी तरी असावे, असे त्यांचे म्हणणे आहे. होडी घरामागच्या शेडमध्ये ट्रेलरवर असते. ट्रेलर म्हणजे दोन चाकांचा लोखंडी सांगाडा, जो गाडीच्या मागे जोडून ओढतात. हे मुद्दाम सांगते, कारण लिहिणाऱ्या हवालदारांनी आधी 'मालट्रक' असे लिहिले होते. ते खोडून घेतले आहे.

सासूबाईंचे माहेर इथून दोन दिवसांच्या वाटेवर, एका मोठ्या तळ्याच्या काठी आहे. वडील नावाडी होते. सासूबाई व त्यांची धाकटी बहीण ह्या चालायला शिकल्या त्याच सुमारास वल्ही मारायला शिकल्या, असे दोघी सांगतात. त्यातले थोडे वजा करून धरावे. तळ्याच्या मध्ये एक खडक आहे. त्याला वळसा घालून कोण आधी काठाला लागते, यावर दोघींची दर वर्षी शर्यत होत असे. मधली काही वर्षे ती झाली नाही. आधी सासरे आजारी होते, मग सासूबाईंच्या खुब्याचे ऑपरेशन झाले, आणि ट्रेलर शेडमध्ये गंजत पडला. ती बहीण, म्हणजे पतींच्या मावशी, मात्र प्रत्येक फोनवर म्हणतात, "ताई, तुझं आता राहू दे, तुझं वय झालं." मावशी पंचाहत्तर वर्षांच्या आहेत.

गेल्या महिन्यात मावशींनी फोनवर कळवले की, तळ्यात होडी उतरवायचा जो सिमेंटचा उतार आहे तो येत्या सोमवारपासून बंद होतो आहे. तो फोडून नवा बांधणार असून काम वर्षभर तरी चालेल. बाकी सगळ्या काठाला खडक असल्यामुळे दुसरीकडून ट्रेलर पाण्यापर्यंत नेता येत नाही. सासूबाईंनी फोन ठेवला आणि पतींना म्हणाल्या, "म्हातारीला बाहेर काढ."

पती म्हणाले, "आई, घाई कशाला? पुढच्या वर्षी नवा उतार होईल, तेव्हा आरामात जाऊ."

"उतार होईल रे. माझी खात्री कोण देतोय? तू?" असे सासूबाई म्हणाल्या, आणि हसल्या. आम्हाला हसू आले नाही. दुसऱ्या दिवशी पतींनी शेडचे कुलूप उघडले.

त्याच दिवसापासून सासूबाईंनी सराव सुरू केला. त्याचा तक्रारीशी संबंध असल्यामुळे सविस्तर सांगते. मागच्या खोलीच्या खिडकीच्या गजांना मी दोन जाड रबरी पट्टे पक्के बांधून दिले. सासूबाई रोज सकाळी खिडकीसमोर बुटक्या स्टुलावर बसतात, पट्ट्यांची टोके मनगटाला वेढा देऊन धरतात, आणि वल्ही ओढावीत तशा मागे-पुढे होतात. पाय सरकू नयेत म्हणून ते समोरच्या पेटीला पट्ट्याने अडकवून घेतात. दमल्या की कण्हतात. फार दमल्या की मावशींना उद्देशून काही बोलतात, ते इथे लिहू नये अशी विनंती आहे. ही खिडकी तक्रारदारांच्या जिन्यातून दिसते, हे मला आज कळले.

तक्रारदार हे आमच्या शेजारच्या घरात नुकतेच राहायला आलेले गृहस्थ आहेत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, एकटे असतात. आमची त्यांची ओळख फाटकापाशी मान हलवण्यापुरती. त्यांच्या आणि आमच्या अंगणांच्या मध्ये एक भिंत आहे. ती पुरुषभर उंच आहे, पण आवाज काही अडवत नाही.

आता ट्रेलरबद्दल विचारले म्हणून सांगते. इतकी वर्षे उभा असलेला ट्रेलर नुसती हवा भरून एवढ्या लांब नेता येत नाही. टायर वरून नवेकोरे दिसत होते, नक्षी जशीच्या तशी, पण वाकून बघितल्यावर बाजूंना बारीक तडे. न चालताही टायर म्हातारे होतात. दोन्ही बदलले, आणि जादाचे चाकही नवे घेतले. दिव्यांच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या नव्याने ओढल्या. होडी ज्या फळ्यांवर टेकते त्यांच्यावरचे जाड कापड कुजले होते, ते मी नवे करून ठोकले. होडीच्या बुडाची एक फळी किडली होती, तेवढा तुकडा पतींनी कापून काढला आणि नवे लाकूड भरले. चाकांची बेअरिंगेही पतींनी स्वतः उघडली, धुतली, ग्रीस भरून परत बसवली. मी म्हणत होते की, एवढे तरी गॅरेजवाल्याला दाखवू. त्यावर पती म्हणाले, "अगं, मी माणसाच्या तोंडात बसेल असं काम करतो. चाकात बसेल असं जमणार नाही का मला?" संसारात काही ठिकाणी गप्प बसलेले बरे असते. ही जागा त्यांपैकी एक आहे, असे मला त्या वेळी वाटले.

काल शुक्रवारी संध्याकाळी आम्ही निघण्यापूर्वीची शेवटची तपासणी केली. त्याची सासऱ्यांनी घालून दिलेली एक रीत आहे. एकाने गाडीपाशी उभे राहून एकेक गोष्ट विचारायची आणि दुसऱ्याने ट्रेलरभोवती फिरत त्या त्या गोष्टीला हात लावून उत्तर द्यायचे. लांबून बघून "हो, झालं" म्हणायचे नाही. काल पती विचारत होते, मी हात लावत होते. पती दिवसभर ग्राइंडरच्या आवाजात काम करतात आणि मी शिवणयंत्रापाशी, त्यामुळे आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नाही. तक्रारदारांना भिंतीपलीकडून जे ऐकू गेले ते खालीलप्रमाणे आहे, आणि ते सर्व आम्हीच बोललो, हे मला मान्य आहे.

"म्हातारीला मागून बांधलं?"

"दोन्ही बाजूंनी बांधलंय."

"गळ्याला पट्टा?"

"घातलाय."

"हलवून बघ जरा."

"थोडी हलतेय अजून."

"मग आवळ. रस्त्यात हलली तर आपली पंचाईत होईल."

"आवळला. आता नाही हलत."

"पोटातलं पाणी?"

"काढलं सगळं. बूच उघडंच ठेवलंय."

"तोंड झाकलं?"

"झाकतेय. अहो, येताना हिला परत आणायची का तिकडेच सोडायची?"

"तिकडेच. एकदा पाण्यात सोडली की सुटलो. इथे नुसती जागा अडवून बसते."

"इतकी वर्षं घरात होती. वाईट वाटतं हो."

"मलाही वाटतं. पण शेड मोकळी नको का व्हायला?"

हवालदारांनी एवढे लिहून झाल्यावर पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे बघितले. कागदावर उतरल्यावर ते मलाही बरे दिसेना. खुलासा असा की, गळा म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळची लोखंडी कडी, बूच हे होडीच्या तळाला असते, आणि होडी मावशींच्या आवारात ठेवायची हे सासूबाईंनीच ठरवले होते. इथे तळे नाही, तिथे आहे, असा त्यांचा साधा हिशेब.

आज शनिवारी सकाळी चांगले उजाडल्यावर आम्ही निघालो. सासूबाई पहाटेपासून तयार होऊन बसल्या होत्या, त्यामुळे गाडीत बसताच त्यांना झोप लागली. मी त्यांच्या अंगावर चादर घातली, आणि डोळ्यांवर ऊन येऊ लागले तेव्हा त्यांनी ती डोक्यावरून ओढून घेतली. फाटकातून ट्रेलर बाहेर काढताना पती दोनदा पुढे-मागे झाले. तेवढ्या वेळात तक्रारदारांना जिन्यातून मागच्या सीटवर चादरीखाली कुणी तरी निपचित पडलेले दिसले. त्यांनी तिथूनच फोन केला.

हमरस्त्याच्या नाक्यावर आमची गाडी थांबवली. तिथे एक तरुण फौजदार व दोन शिपाई होते. फौजदारांनी पतींना काच खाली करायला सांगून विचारले, "म्हातारी कुठे आहे?"

पतींना वाटले, आपल्या होडीची कीर्ती इथवर आली. ते खुशीत म्हणाले, "मागे आहे की. व्यवस्थित बांधलीय."

"कधी बांधली?"

"काल संध्याकाळी. सकाळी गडबड नको म्हटलं."

"रात्रभर तशीच ठेवली? धड आहे का ती?"

"एकदम ठणठणीत," पती म्हणाले. "बुडाला जरा कुजली होती. तेवढं कापून काढलं आणि नवीन भरलं."

यावर फौजदारांनी पतींना दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायला सांगितले. मी बाजूने "अहो साहेब, होडी, होडी" असे म्हणत होते, पण माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. एक शिपाई मागे जाऊन झाकणाच्या दोऱ्या चाकूने कापायला लागला. तेव्हा मी खाली उतरले आणि त्याला सांगितले की, ते झाकण मी स्वतः शिवलेले आहे, गाठी सुटतात, कापायची गरज नाही. हा सरकारी कामात अडथळा होतो का, हे मी हवालदारांना विचारले. त्यांनी प्रश्न तेवढा लिहून घेतला.

ह्या गोंधळाने सासूबाई जाग्या झाल्या. त्यांनी डोक्यावरची चादर काढून विचारले, "कोण म्हातारी? मी का ती?"

फौजदार एक पाऊल मागे सरकले. मग त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि सासूबाईंना विचारले की, आजी, तुम्हाला कोणी बांधून वगैरे ठेवले होते का. सासूबाई म्हणाल्या, "मला बांधणारा अजून जन्माला यायचाय, बाळा. पण तू विचारलंस ते चांगलं केलंस." तोपर्यंत झाकण सुटले होते आणि आतली वल्ही दिसत होती. शिपाई होडीत हात घालून काही तरी शोधत राहिला. त्याला थांबायला कुणी सांगितले नव्हते.

तक्रार दाखल झालेली असल्याने जबाब झाल्याशिवाय सोडता येणार नाही, असे फौजदारांनी सांगितले आणि आम्हाला ह्या ठाण्यात आणले. सासूबाईंनी त्यांना वाटेत दोनदा सांगितले की, उद्या संध्याकाळी पाच वाजता उताराला साखळी लावणार आहेत, तोवर आम्ही तिथे असायला हवे. फौजदार म्हणाले, "आजी, कायद्यानं होईल तेवढं लवकर करतो." सासूबाईंनी विचारले की, कायद्याला चहा दिला तर तो जरा पळेल का. हे लिहिण्याची गरज नाही असे हवालदारांचे म्हणणे होते, पण चहा आम्हीच पाजला असल्याने लाच तर होत नाही ना, अशी त्यांना शंका आली, म्हणून लिहून ठेवले आहे. चहा आमच्या थर्मासमधला होता आणि तो त्यांना आवडला.

जबाब सुरू होण्यापूर्वी मी आवारात ट्रेलरपाशी गेले. पहिला टप्पा झाला की थांबून दोन्ही चाकांच्या मधल्या गोल टोपीला हात लावून बघायचा, हीही सासऱ्यांचीच रीत. आम्ही नाक्यानंतर चहाला थांबणार होतो तेव्हा ते बघणार होतो, आणि ते तसेच राहिले. उजव्या चाकाची टोपी कोमट होती. डाव्याच्या टोपीला हात लावला आणि लगेच काढला. ग्रीस पातळ होऊन कडेने ओघळत होते. मी पतींना हाक मारली. आधी हवालदार आले. त्यांनी बोट लावले आणि मग बराच वेळ त्या बोटावर फुंकर मारत होते.

पती आले, त्यांनी वाकून बघितले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "असं कसं होईल? मी किती पक्कं बसवलं होतं. तसूभर हलत नव्हतं चाक."

तिथेच मला उलगडा झाला. कवळी तोंडात हलली की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहते. त्यामुळे कुठलीही वस्तू किंचित जरी हलली तरी पतींना चैन पडत नाही. घरातल्या टेबलाच्या पायांखाली, कपाटाच्या दाराला, देवघराच्याच नव्हे तर बाथरूमच्याही कडीला त्यांनी काही ना काही भरून ठेवले आहे. बेअरिंगचा नटही त्यांनी तसाच आवळला, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. उजव्या चाकाचा नट आवळत असताना मी जेवायला हाक मारली, म्हणून तो जरासा ढिला राहिला. तोच बरोबर निघाला.

मी पतींना म्हणाले, "अहो, तुम्ही माया ठेवली नाहीत."

माया म्हणजे काय लिहू, असे हवालदारांनी विचारले. त्यांना सांगितले की, कापड बेतताना मापापेक्षा थोडे जास्त सोडतात, शिवण धरायला आणि ताण सोसायला, त्याला माया म्हणतात. सीटचे कव्हर मापाला अगदी घट्ट बेतले तर बघायला सुंदर दिसते आणि पहिला माणूस बसला की उसवते. बेअरिंगचेही तसेच असावे. नट आधी आवळायचा, मग किंचित मागे फिरवायचा, म्हणजे चाकाला फिरायला जागा राहते. हे पतींनाही माहीत होते. तसे वाचूनच ते कामाला बसले होते. पण चाक जरासे डुगडुगलेले त्यांना बघवले नाही.

ह्या ठाण्यापुढे घाट लागतो आणि उतरण लांब आहे. तिथे चाक जाम झाले असते तर ट्रेलरने गाडीला दरीकडे ओढले असते. पती चाकाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. त्यांची आई मागच्या सीटवर असणार होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की, उठा, जॅक काढा. मला त्या वेळी त्यांचा राग आला नव्हता. भीती वाटली होती, आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही.

चाक उतरवले. बेअरिंग तापून निळे पडलेले नव्हते, म्हणजे वाचले होते. पतींनी ते पुसून नवे ग्रीस भरले. नट आवळायची वेळ आली तेव्हा सासूबाई खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसल्या. पती आवळून थांबले. सासूबाई म्हणाल्या, "आता सोड थोडा." त्यांनी सोडला. "अजून सोड." त्यांनी चाक हाताने फिरवले, ते मोकळे फिरले, आणि वरून धरून ओढल्यावर अगदी जरासे हलले. ते हलणे बघून पतींचा हात आपोआप पान्याकडे गेला. मी पाना काढून हवालदारांकडे दिला. नट आपोआप फिरू नये म्हणून त्यात घालतात ती पिन मी नवी बसवली. पान्याची नोंद जप्त मुद्देमालात झाली होती, ती काढून टाकावी.

हे चालू असतानाच तक्रारदारांना ठाण्यात आणले. त्यांच्या हातात छत्री होती. सासूबाईंना खुर्चीत बसलेले बघून ते आवाराच्या दारातच थांबले. मग जवळ येऊन पतींची, माझी, फौजदारांची आणि चाक धरून उभ्या असलेल्या शिपायाचीही त्यांनी माफी मागितली. शिपायाचे काय चुकले होते ते कळले नाही, पण त्याने माफ केले.

सासूबाई म्हणाल्या, "माफी राहू दे. काय काय ऐकलंत ते सांगा बघू पहिल्यापासून."

त्यांनी सांगितले. पोटातल्या पाण्यापर्यंत आले तेव्हा सासूबाईंना हसू आवरेना. खिडकीचे सांगितले तेव्हा त्या इतक्या हसल्या की मला पाणी आणावे लागले. ते गृहस्थ रोज जिन्यात उभे राहून बघत होते की, एका बाईला हातपाय गजाला बांधून ठेवतात आणि ती सुटायची धडपड करते. एकदा त्यांनी लांबून हात हलवला होता. सासूबाईंनी उलट हात हलवला नाही, कारण त्यांचे हात अडकलेले होते. मग त्यांनी तक्रारदारांना शर्यतीचे आणि सरावाचे सगळे सांगितले.

"मग फोन आधीच का नाही केलात?" सासूबाईंनी विचारले.

तक्रारदार म्हणाले, "धीर झाला नाही. नवीन जागा, नवीन शेजार. आपल्याला काय करायचंय, असं वाटत राहिलं. काल मात्र झोप लागली नाही." मग म्हणाले, "मागे एका घरात राहत होतो. तिथेही भिंतीपलीकडून ऐकू यायचं. तेव्हा मी गप्प बसलो होतो."

सासूबाईंचे हसणे थांबले. त्यांनी शिपायाकडून दुसरी खुर्ची मागवली, ती आपल्या शेजारी ठेवायला लावली आणि त्यांना बसवले. मग म्हणाल्या, "ह्या वेळी केलात ना. पुढेही काही कानावर आलं तर करा. चुकीचं निघालं तर मी येते ठाण्यात, तुमच्या बाजूनं."

तोपर्यंत मला त्यांचा राग होता, हे मी लपवत नाही. झाकणाची एक दोरी कापली गेली होती. पण तिथे उभी राहून माझ्या मनात आले की, आमच्या घरातल्या माणसासाठी एक परका माणूस रात्रभर जागा राहिला. आणि त्यांनी फोन केला नसता तर आम्ही नाक्यावर थांबलो नसतो, चहाला पुढे घाटातच थांबलो असतो, किंवा थांबताही आले नसते. मी त्यांचे आभार मानले. पतींनीही मानले, आणि तक्रारदारांचा हात धरून ठेवला. हाताला ग्रीस होते.

फौजदारांनी तक्रारदारांना विचारले की, तुमचे समाधान झाले का. ते म्हणाले, तक्रार मागे घेतो, पूर्ण समाधान आहे. मग छत्रीची मूठ फिरवत म्हणाले, "एकच गोष्ट मला खरी वाटत नाही. ह्या वयात ह्या बाई तळ्यातल्या खडकाला वळसा घालणार?"

हे त्यांनी म्हणायला नको होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितले. "नजर कशी आहे तुमची?"

"नजर चांगली आहे. जन्मभर मुलांच्या सरळ रेघा तपासल्या."

"झालं तर मग. माझी बहीण खडकाच्या अलीकडूनच वळते असा मला कैक वर्षांचा संशय आहे. काठावर उभं राहून बघायला पंच पाहिजे, आणि नात्यातला नको. घरी कोण वाट बघतंय तुमची?"

"कुणी नाही."

"मग चला."

ते फौजदारांकडे बघायला लागले, जणू परवानगी तिथून मिळणार होती. फौजदार म्हणाले की, कायद्याची काही हरकत नाही.

तरी माझी कुणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. दोन्ही टोप्यांना घाटाच्या आधी आणि नंतर हात लावून बघण्याची हमी मी देते, आणि ते काम पतींकडे सोपवणार नाही हेही लिहून देते. तक्रारदार आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर स्वखुशीने बसले असून त्यांचा पट्टा त्यांनी स्वतः लावला आहे. आम्ही आता निघालो तर उद्या दुपारपर्यंत तळ्यावर पोहोचतो. सासूबाईंना यंदा पाण्यात उतरायचे आहे. पुढच्या वर्षीचे कुणीच सांगू शकत नाही, म्हणून आम्हाला अडवून ठेवू नये.

वरील सर्व मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी जसे बोलले तसेच त्यात आले आहे, एका शब्दाचीही भर नाही. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचावा लागला, कारण बाहेर आवारात आमच्या गाडीचा हॉर्न सारखा वाजतो आहे. तो सासूबाई वाजवत आहेत. सही करून निघते.